वडिलांच्या पलंगाचं बाकडं

मंडळी, वडिलांना जाऊन महिना होत आला. घरात स्वस्थ बसवत नाही. म्हणून आज सकाळी त्यांचा सागवानी पलंग कापून ओट्यावर ठेवायला बाकडं करायला घेतलं.

बाकडं डुगडुगायला लागलं. एक पाय कापला तर दुसरा लांब, तो कापला तर तिसरा. वडिलांची शेवटची वस्तू आपल्याच हातानं बिघडवतोय, असं वाटलं, तरी करवत थांबेना.

आई दारातून म्हणाली, "आरं, बास की! पाट करतो का त्याचा?" मग येऊन त्यावर बसली. "तुझ्या बापाच्या उंच पलंगावर माझं पाय कधी भुईला टेकलं न्हाईत. आता टेकत्यात."

बाकडं अजून डुगडुगतंय. करवत ठेवून दिली, पण हात शांत नाहीत. घरचं माणूस गेल्यावर तुम्ही हातांना काय काम दिलं?