बेबीताईचा खुनी पिक्चर

भीतीचा पिक्चर बेबीताई पडद्याकडे पाठ करून बघायची. आम्ही सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेलो, आणि ही टीव्हीखाली पाटावर, तोंड आमच्याकडे. मागे हवेलीचं दार करकरलं, वटवाघळं उडाली, की ती आमच्यातल्या एकेकाचं तोंड न्याहाळायची आणि गालातल्या गालात हसायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला पिक्चरपेक्षा तिचीच जास्त भीती वाटली. विचारलं तर म्हणाली, "पडद्यावर काय हाय बाप्पा? थे तं सारं खोटं. भेव मानसाच्या तोंडावर असते. थे पाहा लागते."

ही सवय धंद्यातून लागलेली. तिच्या नवऱ्याचं महागावच्या बाजारात टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ सेंटर होतं. तो मशीन सांभाळायचा आणि ही पडद्याशेजारी स्टुलावर बसून कोणी बिडी पेटवतो का, कोणी कुणाला चिमटे काढतो का, यावर नजर ठेवायची. त्या काळातले झाडून सगळे भयपट तिने कानाने ऐकले आणि लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिले. पुढे नवरा गेला, सेंटर बंद पडलं, शेडमध्ये सायकल दुरुस्तीवाला आला. पण ते पिक्चर तिच्या डोक्यातून गेले नाहीत. कंदीलवाला म्हातारा चौकीदार, पावसात नेमकी जंगलात बंद पडणारी मोटार, अंघोळीला निघालेली हिरोईन, सगळं तिला तोंडपाठ. त्यातून तिने काही नियमही काढले होते. सगळ्यात पक्का नियम असा: "'मी पाहून येतो' म्हनलं का मानूस मेलाच समज."

माझा महागावात फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. चार वर्षांपूर्वी एका दुपारी ही बाई दुकानात शिरली. डोक्याला रुमाल, पायात गमबूट, वय साठीच्या जवळ. म्हणाली, "दिनू तूच नं? सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन आमच्या गावाले येजो. मले खुनी पिक्चर काढाचा हाय. हसाचा." मी म्हणालो, ताई, खुनी म्हणजे हसायचा कसा असेल? "तू ये तं खरं, मंग समजन तुले." मी नाही म्हणालो. मग ती रोज येऊन बाकावर बसू लागली आणि गिऱ्हाइकांना पिक्चरची गोष्ट सांगू लागली. फोटो काढून झाल्यावरही गिऱ्हाइकं उठेनात. आठवडाभरात मी हात टेकले.

गावात ती कापूस वेचणाऱ्या बारा बायांच्या टोळीची मुकादम होती. सकाळी ऑटोत बसवताना बाया मोजायची, दुपारी शिदोरी सोडताना मोजायची, संध्याकाळी पुन्हा मोजायची. "मोजल्याबिगर मले पानी गोड लागत नाही," म्हणायची. याच बारा जणी तिच्या नट्या. ऑटोवाला शंकर हा खुनी. तोंडावर बारदान बांधून, हातात विळा घेऊन तो कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीतून यायचा. दाराची करकर आम्ही गावच्या हापशाची घेतली आणि धुकं म्हणून ओल्या तुराट्या जाळल्या. त्या धुक्यात सगळ्यांना ठसका लागायचा, शंकरला सगळ्यात जास्त, आणि भेसूर हसायच्या ठिकाणी तो खोकत सुटायचा. बेबीताई म्हणाली, राहू दे, खोकणारा खुनी बरा.

पिक्चरची मुख्य गंमत मात्र मुखवट्यांची होती. आमच्याकडे नाल्याच्या अंगाला वाघाचे पंजे दिसू लागले, तेव्हा शेतात जाणाऱ्या बायांना वनखात्याकडून प्लास्टिकचे मुखवटे मिळाले होते. ते डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचे. वाघ पाठीमागून येतो. पाठीवर तोंड दिसलं की बिचकतो. मुखवटे सगळे एकाच साच्यातले, जाड मिशीवाल्या माणसाचे. "वाघापायी पाठीवर नवरा घेऊन फिरा लागते," बेबीताई म्हणायची आणि बाया लाजून हसायच्या. तिच्या पिक्चरमध्ये खुनी दबक्या पावलांनी एकेकीच्या मागे जातो, तर तिथे मिशीवाला त्याच्याकडे टक लावून बघतोय. तो गडबडून नमस्कार करतो आणि मागे फिरतो. असं अकरा वेळा. बाराव्या बाईचा मुखवटा गळून पडतो आणि तिचा खून होतो. ही बारावी कविता, टोळीतली सगळ्यात लहान, नुकतंच लग्न झालेली. "एक तरी मरा लागते," बेबीताई मला समजावायची. "नाही तं लोक म्हनतात, फसवलं."

आता माझी चूक सांगतो. उन्हाने मुखवट्यांचे डोळे विटले होते आणि कॅमेऱ्यात ते दिसेनात. मी म्हणालो, शेवटच्या सीनसाठी मी रंगवून आणतो. रविवारी बाराच्या बारा मुखवटे पोत्यात भरून दुकानात नेले आणि घरातला दाराखिडक्यांचा ऑइलपेंट फासला. थंडीचे दिवस, त्यात मी हात सैल सोडून थापलेला. सोमवार गेला तरी रंग वाळेना.

मंगळवारी सकाळी आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला तर मातीमोल, म्हणून शेतमालक उजाडताच बेबीताईच्या दारात. तिने मला दोनदा फोन केला. मी एका हळदीच्या शूटिंगला होतो. दोन्ही वेळा कट केला आणि मेसेज टाकला, "रंग ओला आहे. उद्या देतो." तिने उलट काही विचारलं नाही. बाया घेऊन ती शेतात गेली.

दुपारी हळदीच्या मांडवातच कोणीतरी मोबाइलवर आलेलं मोठ्याने वाचलं. नाल्यावर वाघाने गोऱ्हा मारला, सकाळचीच गोष्ट. नाला कोणता, तेही होतं: बाया वेचत होत्या त्या शेताजवळचाच. कॅमेरा नवरीच्या मामाच्या हातात कोंबून मी दुकानाकडे पळालो, पोतं गाडीला बांधलं आणि निघालो. वाटेत मी फोन लावत होतो आणि तिचा लागत नव्हता. देवाला, बापाला, ज्याला त्याला मी काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही.

शेतात पोहोचलो तर बाया होत्या. बातमी त्यांनाही कळली होती, पण पायी गावाकडे जायचं तर तोच नाला ओलांडावा लागणार, आणि शंकरचा ऑटो भाडं घेऊन लांब गेलेला. तो येईपर्यंत बेबीताईने त्यांच्या जोड्या लावल्या होत्या, पाठीला पाठ. एक वेचते आणि दुसरी तिच्या पाठीशी उलटी चालत, डोळे फाडून समोर बघते. दोघी मोठमोठ्याने बोलतात, म्हणजे आवाज बंद पडला तर लगेच कळावं. ती स्वतः शेताच्या कडेला, धुऱ्यावर, नाल्याकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेलो तरी तिने मान वळवली नाही. "आला? मुखवटे वाट पहिले," एवढंच म्हणाली.

मी पोतं सोडलं. रंग अजून चिकट होता. बायांच्या हातांना, रुमालांना, केसांना लागला. एकीने विचारलं, मुखवटे यांच्याकडे कसे? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बेबीताई ओरडली, "मीच इसरली होती वो घरी! यानं बिचाऱ्यानं आनून देल्ले." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. मग सवयीने मोजायला लागली. बोटावर बोट ठेवत शेवटपर्यंत आली, थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अकरा."

कविता नव्हती. तिच्या जोडीची रंजना रडायलाच लागली. कविता पाणी प्यायला जाते म्हणून गेली होती. हिला वाटलं, परत येऊन दुसरीच्या पाठीला लागली असेल. पाण्याची घागर नाल्याकडच्या बांधावर, वेचलेला कापूस ठेवायच्या कोठ्याच्या पलीकडे. रंजना म्हणाली, "ताई, मी पाहून..." बेबीताईने तिच्या तोंडावर हात दाबला. मग तिने आमच्याकडे, एकेकाकडे नीट बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "मी पाहून येतो."

कोणी हसलं नाही. ती निघाली. मुखवटासुद्धा बांधला नव्हता. उरलेला बारावा तिने रंजनाच्या हातात दिला होता. तिच्याबरोबर मी जायला हवं होतं. तिथे पुरुष मी एकटाच होतो, आणि मुळात हे सगळं माझ्यामुळे झालेलं. पण माझे पाय उचलले नाहीत. पऱ्हाटीच्या वर तिचा रुमाल दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला. बाया एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून उभ्या होत्या की कोणाचा श्वास कोणता ते कळत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कोठ्यातून शिव्यांचा असा भडिमार ऐकू आला की आम्ही सगळे एकदम खाली बसलो. कविता सापडली होती. तिला सकाळपासून ताप होता. पाणी पिऊन ती कोठ्यात वेचलेल्या कापसाच्या ढिगात आडवी झाली आणि तिला झोप लागली. बेबीताई तिला दंडाला धरून घेऊन आली. येता येता एक थोबाडीत दिली, मग कवटाळलं, मग हसायला लागली आणि हसता हसता धुऱ्यावर बसून ओकली. ऑटो आला तेव्हा तिने बाया तीनदा मोजल्या. वाघ त्या दिवशी कोणालाच दिसला नाही.

संध्याकाळी गावच्या चौकात मात्र तिची हजेरी घेतली गेली. कापूस अर्धाच वेचून झालेला आणि वरून पाऊस. शेतमालक तणतणत होता. बायांचे नवरे आले. "मुखवटे इसरते अन् मुकादमकी करते?" एकाने तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "चुकली बापा." पुन्हा कोणी विचारलं की पुन्हा तेच. दोघांनी त्या हंगामात आपल्या बायका तिच्या टोळीतून काढल्या. मी त्याच गर्दीत उभा होतो, हाताला ऑइलपेंट लागलेला, आणि बोललो नाही. आज सांगतो, उद्या सांगतो, असं म्हणत राहिलो. दुकानासमोरून टोळीतली बाई गेली की मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचो.

पिक्चरचा शेवट राहिला होता. महिन्याने तिने पुन्हा निरोप धाडला. या वेळी गोष्ट बदललेली. कविताचा मुखवटा पडतो, खुनी विळा उचलतो, तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ येते. कविता मागे वळून त्याची पाठ चोळते आणि खुनी तिथेच बसून आपलं गाऱ्हाणं सांगायला लागतो. मी म्हणालो, ताई, लोक म्हणतील फसवलं. "म्हनू दे," ती म्हणाली. "मले आता थो सीन पाहवत नाही. माह्या पिक्चरमंदी कोनी मरनार नाही." समाजमंदिरात आम्ही तो भिंतीवर दाखवला. लोक पोट धरून हसले. विळा वर गेला तेव्हा सगळे गप्प झाले, आणि कोणी फसवलं म्हणालं नाही. घरी जाताना ती मला म्हणाली, "तुह्या तोंडावर लय भेव होतं रे दिनू. एवढं बरं नाही." मला तिथेच तिचे पाय धरावेसे वाटले. मी वायर गुंडाळत राहिलो.

या दिवाळीनंतर बेबीताई गेली. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत संपलं. बातमी कळली तेव्हा मी एका नवरदेवाचा फोटो काढत होतो. कॅमेरा खाली ठेवून मी त्याला म्हणालो, उद्या या.

तेराव्या दिवशी तिच्या अंगणात टोळी बसली होती. बाहेरची एक बाई म्हणाली, "लय जपत होती बाई साऱ्याइले. थे एकडाव मुखवटे इसरली तेवढंच." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ती विसरली नव्हती. मुखवटे माझ्या दुकानात होते. तिने मला दोनदा फोन केला आणि मी कट केला." मला वाटलं, आता एखादी चप्पल येईल.

कविताच्या मांडीवर तिची मुलगी झोपली होती. तिला थोपटत ती म्हणाली, "मालूम हाय नं दिनूभाऊ. आमच्या डोयासमोर तं तुम्ही पोतं सोडलं. आम्ही काय आंधया हाओ?"

"मग चार वर्षांत कोणी बोललं कसं नाही?"

"ताईनं सांगतलं होतं. म्हने, त्याले काही म्हनू नका, थो अगोदरच लय भेते. सांगन थो कधीतरी." तिने पदराने नाक पुसलं. "उशीर केला तुम्ही."

मला लाज वाटली आणि रडूही आलं. रंजना थोडी सरकली, मग तिच्या पलीकडची सरकली, आणि मी त्यांच्यात जाऊन बसलो.