पेन्सिलीची चांदणी

आज वाचनालयात लहानपणी वाचलेली एक कादंबरी सहज उघडली आणि पाहते तर काय! माझ्या नव्या कादंबरीतलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य तिथे आधीच छापलेलं होतं: दोरीवर वाळणाऱ्या साडीत आईचा आकार राहतो. शेजारी पेन्सिलीची चांदणी. माझीच! वाक्य आवडलं की मी चांदणी काढायचे ना. इतकी वर्षं ज्या वाचनाला जीव लावला, त्यानंच दुसऱ्याचं वाक्य माझं म्हणून हातात ठेवावं?

"तूच का गं ती पुस्तकं रंगवणारी?" ग्रंथपाल काकूंनी खोडरबर पुढे केलं. "खोड आता!"

चांदणी काही खोडवेना. घरी येऊन माझ्या कादंबरीच्या वहीतलं वाक्य खोडलं. साडी गेली, पानावर कोऱ्या रेघेची नुसती दोरी उरलीय.