दाजींनी पोत्यात आणलेला समुद्र

जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात मी मिरच्या तोलून घेत होतो. माझा धाकटा भाऊ गर्दीतून धापा टाकत आला. "दाजी गेले..." आमच्या अक्काचा नवरा, म्हणजे दाजी, निवांत आडवा पडलाय असं मी कधी पाहिलंच नव्हतं, विश्वास कसा बसावा?

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. दोन वर्षं अक्काच्या शेळ्यांची करडं गळ्याला गाठ घेऊनच जन्मायची. लिंबाएवढी गाठ, मी सांगताना पपईएवढी सांगतो. करडू उभं राहायच्या आत मान टाकायचं. "औंदा बी असंच झालं तर समदी शेरडं बाजारात नेऊन इकते," अक्कानं बजावलं. "मला आता करडं पुरणं व्हत न्हाई." जनावरांचे डॉक्टर म्हणाले, चाऱ्यात आयोडीन कमी पडतंय, समुद्रातल्या शेवाळात ते भरपूर असतं. ते औषध लिहून देईपर्यंत दाजी एसटीत बसलेसुद्धा!

आले ते वाळलेल्या शेवाळाचं पोतं घेऊन. वास असा, की कंडक्टरनं रत्नागिरीपासून कळमनुरीपर्यंत प्रत्येकाचा डबा उघडून पाहिला. डोंगरकड्याच्या फाट्यावरून कुत्र्यांची वरात मागं.

"दाजी, काहून आणलं हे? समुद्र मेला का तिकडं?"

"मेव्हणं, नाक दाबा अन् चूल पेटवा."

अर्क उकळला. आमच्यात जनावराचं औषध आधी धन्याच्या जिभेवर जातं. अख्खं गाव जमलं. दाजींनी घोट घेतला आणि त्यांची टोपी आपोआप वर उचलली गेली.

"कसं लागून राहिलं?" अक्कानं विचारलं.

"तुझ्या आमटीवानी."

"मग चांगलंच असंल. पाजा."

डॉक्टरांनी दाजींना दटावलं, अर्क तपासून घेतला आणि माप ठरवून दिलं: गाभण शेळीच्या पेंडीत चमचाभर, वर थेंब नाही. गावातले लोक गुडघेदुखीसाठी, साखरेच्या आजारासाठी वाट्या घेऊन आले. दाजींनी सगळ्यांना हाकललं. "हे शेरडाच्या गळ्याचं हाय. तुमच्यासाठी दवाखाना हाय!"

महिने भरले, पहिली शेळी व्यायली. समुद्र पिणारा हा गडी गोठ्याबाहेर उभा, आत यायची हिंमत नाही. अक्कानं करडाच्या गळ्यावरून बोटं फिरवली... पुन्हा फिरवली...

"अवो, या की आत! बघा हात लावून!"

गाठ नव्हती! करडानं अशी उडी मारली, की माझ्या हिशेबानं ते औंढ्याला जाऊन उतरलं. दाजी हसत होते अन् डोळे पुसत होते.

तेव्हापासून शेळी व्यायली की दाजी दाराबाहेर थांबायचे आणि अक्का हाक मारायची. परवा, तेरावं उरकल्यावर, जुळी करडं झाली. अक्कानं दोन्ही गळे चाचपले, सवयीनं दाराकडं वळली आणि तोंडातली हाक तोंडातच राहिली...

दारात मी होतो.

"ये," ती म्हणाली. "तू तरी बघ."

मी वाकलो, तोवर दोन्ही करडं धडपडत उठून दाराकडं निघाली होती.