आतून लावलेली कडी

कांता आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली तेव्हा मला वाटलं, बाई शिष्ट आहे. ठाण्यापुढच्या आमच्या दिव्यात नवं बिऱ्हाड आलं की पहिल्याच दिवशी शेजारी विचारायला येतं, पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं. हिने काही विचारलं नाही. गॅस जोडायच्या आधी खिडकीला जाड पडदा लावला आणि दार लावलं ते लावलंच. मी आमच्या ह्यांना म्हटलं, ही कोण महाराणी आलीय बघा. आमचे हे सखाराम म्हणजे देवमाणूस, ते म्हणाले, असेल कुणी घाबरलेली. मी म्हटलं, घाबरायला आपण काय वाघ आहोत?

पुढे एकदा मेथी निवडताना तिनेच सांगितलं तेव्हा माझं तोंड बंद झालं. नवरा राकेश कल्याणपुढच्या विठ्ठलवाडीला. मारायचा, पण बाहेर इतका गोड बोलायचा की सासरचे सोडा, माहेरचेसुद्धा म्हणायचे, तूच काहीतरी करत असशील. एकदा तो लेकीला, दिशाला, शाळेच्या गेटवरून घेऊन गेला. आई आजारी आहे म्हणून बाईंना सांगितलं आणि पोरीला लांब बहिणीकडे नेऊन ठेवलं. पोलिसात जाऊन, वस्तीतल्या बायका बरोबर घेऊन, कांताने तिला परत आणली. तोपर्यंत महिना गेला होता.

"मावशी, मारत होता त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली, "पण त्या महिन्यात मी मेलेली होते."

मग ती कुणालाही पत्ता न देता दिव्याला आली. लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करायची, तेही मी आणून दिलेल्या. शाळेत दिशाला सोडायला स्वतः, आणायला स्वतः. गल्लीत अनोळखी बाईकचा आवाज आला की हातातलं काम ठेवून पडद्याच्या फटीतून बघायची. मी तिची टर उडवायचे, अगं माणूस आहेस की उंदीर. ती हसायची, पण हसताना नजर गल्लीवरच. खरं सांगू, तिच्याजवळ बसून बसून मलाही धडकी भरायला लागली होती. मीही येणाऱ्याजाणाऱ्या बाप्यांची तोंडं बघायला लागले.

आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. त्याच्या वरच्या हॉलमध्ये सुमेधा संध्याकाळचा क्लास घेते. फी नाही, काही नाही. शाळा सुटली की पोरं येतात, वंदना होते, मग गणित, इंग्रजी, ज्याला जे अडलं ते. सुमेधा दिवसा ठाण्याला एका सीएच्या ऑफिसात काम करते, तिथून लवकर सुटायची सोय तिने भांडून करून घेतलीय. आणि रविवारी त्याच हॉलमध्ये ती बायांना नोकरीला लावते. म्हणजे बायोडेटा करून देते, बँकेत खातं उघडून देते, साहेबासमोर कसं बसायचं, काय विचारतील, ते आधी खोटं खोटं घेऊन दाखवते. तिचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोजगार ग्रुप. ठाण्यापासून पार अंबरनाथपर्यंतचे लोक त्यात. कुठे जागा निघाली की ग्रुपवर टाकतात. आमच्या चाळीतल्या किती बाया त्या ग्रुपमुळे कामाला लागल्या. आम्ही कोकणातले, विहारात आपलं काय काम म्हणून मी आधी लांब लांब असायचे. मग पोरांसाठी चटया घालायला लागले, आणि आता मी एक दिवस गेले नाही तर सुमेधा फोन करते.

कांताला तिथे मीच ओढून नेली. कितीतरी रविवार ती शेवटच्या चटईवर नुसती बसून असायची. कामाचं नाव काढलं की म्हणायची, दिशाला कोण बघणार? सुमेधा म्हणायची, क्लास आहे, मावशी आहेत. शेवटी बाळकुमला एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जागा निघाली, चादरी आणि गाऊन घड्या घालायचं काम, पीएफसकट. कांताने दोन अटी घातल्या. क्लासमधून दिशाला फक्त मावशी घेऊन जातील, दुसरं कुणी नाही. आणि दिशाचा फोटो कधी कुठे जाणार नाही. सुमेधाने शब्द दिला आणि पाळलाही. जयंतीच्या कार्यक्रमात दिशाने काय सुंदर भाषण केलं, सगळ्या पोरांचे फोटो ग्रुपवर गेले, तेवढा दिशाचा गेला नाही.

कांता कामावर जायला लागली आणि अंगाने भरली. पहिल्या पगारात तिने मला गाऊन आणला, दिशाला कंपास. बाई शिट्टी वाजवत भांडी घासायची, ते मी या कानांनी ऐकलंय.

तो दिवस बुधवार. आता दिव्याची एक रीत बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळायची नाही. इथे पाण्याला वेळ नाही. कधीही येतं आणि कधीही जातं. त्यामुळे खालून कुणी "पाणी आलं" म्हणून ओरडलं की क्लास तिथल्या तिथे सुटतो. पोरं घरी हंडे उचलायला धावतात, सुमेधासुद्धा धावते, तिच्याही घरी पाणी नसतंच. इतर दिवशी मी क्लास सुटायच्या वेळेला दारात असते. त्या दिवशी पाणी अवेळी आलं आणि मी नळावर. दोन दिवसांनी आलेलं पाणी सोडून कोण जाईल, मला कुणी बोलायचं नाही. मला वाटलं सुमेधाने दिशाला थांबवून ठेवली असेल. सुमेधाला वाटलं मी घेऊन गेले असेन.

हंडे ठेवून मी विहारात गेले तर हॉलला कुलूप. सुमेधाकडे गेले तर ती ओल्या कपड्यांनी दारात आली आणि माझ्या मागे दिशा दिसते का ते बघायला लागली.

कांताचं दार मी वाजवलं, हाका मारल्या. लॅचचं दार ते, आत कुणी आहे की नाही बाहेरून समजत नाही. आत दिवा नाही, आवाज नाही. आमच्या ह्यांनी वाजवलं, सुमेधाने वाजवलं. पोरगी आत असती तर ओ दिली नसती का, असं म्हणून आम्ही पुढे गेलो. शाळेकडे बघितलं, रुळांकडे बघितलं, बिल्डरने खणून ठेवलेल्या खड्ड्याकडे बघितलं, त्यात पाणी साचलेलं. चाळीतली सगळी माणसं बाहेर पडली, तरणी पोरं बाईक घेऊन निघाली, एकजण चौकीत गेला. आणि माझ्या डोक्यात एकच, राकेश. त्याने शोधलं आणि नेलं. कांताला फोन लागेना, कामावर त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात.

सुमेधा रडत बसली नाही. तिने फोन काढला. जयंतीच्या दिवशी न पाठवलेला दिशाचा फोटो तिच्याकडे होताच. तो तिने रोजगार ग्रुपवर टाकला. मुलीचं नाव, वय, विहाराचं नाव, दिवा पूर्व, आणि खाली स्वतःचा नंबर. मी तिच्या शेजारीच उभी होते. मला त्या घडीला ते बरोबर वाटलं. कुणालाही वाटलं असतं. बघता बघता इकडून तिकडून फोन यायला लागले, कळव्याहून, कल्याणहून, कोण म्हणे आम्ही स्टेशनवर उभे राहतो, कोण म्हणे दुसऱ्या ग्रुपवर टाकलं. एवढी माणसं आपल्यासाठी धावतायत बघून मला भरून आलं.

कांता नेहमीच्या वेळेला गल्लीत शिरली. एवढी गर्दी बघून ती कुणाला काही विचारीना. मी सांगायला गेले तर मला बाजूला करून सरळ स्वतःच्या दाराशी गेली. चावी लावली. लॅच फिरलं, पण दार उघडेना. आतून कडी होती.

ती आमच्याकडे वळली. "सगळे लांब जा," म्हणाली. "लोक असले की ती उघडणार नाही. मीच सांगितलंय तिला. माझा आवाज आला तरी बरोबर कुणी असेल तर उघडायचं नाही, ओ द्यायची नाही."

आम्ही सगळे गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. बराच वेळ काही नाही. मग कडीचा आवाज आला. पोरगी क्लास सुटल्यावर गर्दीबरोबर निघाली, मी दिसले नाही म्हणून गळ्यातल्या चावीने घर उघडून आत बसली. दिवा न लावता, पंखा न लावता, पलंगाखाली. आम्ही मारलेली एकेक हाक तिने ऐकली होती. माझा आवाजही ओळखला होता. घामाने निथळत होती. मी तिला पोटाशी धरलं.

लोकांनी हुश्श केलं, कुणी चहा टाकला. सुमेधा ग्रुपवर मुलगी सापडली म्हणून लिहायला लागली तेव्हा कांताने तिच्या हातातल्या फोनवर तो फोटो बघितला. ती तिथेच भिंतीला धरून खाली बसली. सुमेधाने तिथल्या तिथे फोटो काढून टाकला, पण तो कुठे कुठे गेला असेल ते कोण सांगणार. विठ्ठलवाडीतली निम्मी वस्ती त्या ग्रुपवर. तेवढ्यात फोन वाजला. सुमेधाने उचलला आणि पलीकडून बाप्या अगदी मऊ आवाजात म्हणाला, मॅडम, मी दिशाचा बाबा, माझी पोर सापडली का?

त्या रात्री कांताने बॅग भरली. मी म्हटलं, जा बाई, मी अडवणार नाही. पण सकाळी बघते तर डबा घेऊन कामावर निघालेली. डोळे सुजलेले. म्हणाली, "कुठे जाऊ मावशी? परत खोली शोधा, शाळा शोधा, काम शोधा. भीती तर जिथे जाईन तिथे येणारच आहे. दिशाला आज शाळेत नका पाठवू, तुमच्याजवळ ठेवा. क्लासला मात्र पाठवा, तिथे सुमेधाताई आहेत, माणसं आहेत. मी लवकर सुटून येते." एवढं बोलून तिने माझा हात असा दाबला की दुखला.

संध्याकाळी क्लास भरला. मी हॉलच्या दारातच ठाण मांडलं. आणि तो आला. मला वाटलेलं, गुंडासारखा असेल. तर इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा बॉक्स, पायांतल्या चपला जिन्यातच काढलेल्या. विहाराला हात जोडले, मला काकी म्हणून हात जोडले. बरोबर आमच्याच चाळीतले चार जण, काल जे पोरीला शोधत फिरत होते तेच. बिचारा बाप, मुलगी हरवली वाचून धावत आला, असं म्हणत त्यांनीच त्याला इथवर आणून सोडलेला. डोळ्यांत पाणी त्याच्या. एक बाई मला म्हणाली, मावशी सरका ना, लेकीला बघू दे की त्याला. आणि खरं सांगते, त्या वेळी मला जी भीती वाटली ती आदल्या दिवशी खड्ड्याजवळही वाटली नव्हती. सगळे त्याच्या बाजूने, आणि सगळे चांगले.

मी सरकले नाही. सुमेधा उठून आली. त्याला म्हणाली, क्लासचा नियम आहे, मुलगी ओळखेल त्याच्याशिवाय कुणाला भेटवत नाही. तो हसला, म्हणाला, विचारा ना तिलाच. बापाला नाही ओळखणार?

दिशाला बोलावलं. ती वही घेऊनच उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. त्याने बॉक्स पुढे केला, "दिशू" म्हणाला. जिन्यात कांता येऊन पोचली होती, धापा टाकत, तिला पुढे यायला त्या चौघांनी वाट दिलेली नव्हती.

सुमेधाने विचारलं, "दिशा, हे कोण?"

पोरीने त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळापासून पायापर्यंत बघितलं. तिच्या हाताची बोटं माझ्या पदरात रुतत चालली होती, ते फक्त मला कळत होतं.

"मी यांना ओळखत नाही," ती म्हणाली.