रॉकच्या मैदानावर मामा

बंड करायला निघालेली पोरं मी पुष्कळ पाहिली, पण आईनं भरून दिलेली पाण्याची बाटली घेऊन बंडाला आलेली पोरं मी फक्त पुण्यात पाहिली.

दोन हजार सालाच्या मागेपुढे एक फिरता रॉक महोत्सव असायचा. बंगळूर, दिल्ली करत तो पुण्यात यायचा आणि एका कॉलेजच्या मैदानावर दुपारी दोनला सुरू व्हायचा. पंक वाजवणारे, हार्ड रॉक वाजवणारे आणि नुसताच आवाज करणारे असे सात-आठ बँड एकामागून एक स्टेजवर चढायचे, आणि खाली आम्ही भक्तगण उन्हात उभे. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन मरणाचं, आणि झाडून सगळ्यांच्या अंगात काळा टी-शर्ट. काळा रंग जास्त तापतो हे शाळेच्या विज्ञानात असतं, आणि यातले निम्मे इंजिनिअरिंगला होते. टी-शर्टवर कवट्या. मनगटाला खिळे ठोकलेला चामड्याचा पट्टा. कमरेला साखळी, तिचं दुसरं टोक पाकिटाला. जगात कशावरच विश्वास नाही म्हणणारे हे लोक पाकिटाला मात्र साखळी लावून फिरत.

गाण्यांचे विषय ठरलेले. सरकार चोर, शाळा म्हणजे तुरुंग, बाप जुलमी. हा जुलमी बाप संध्याकाळी न्यायला गाडी पाठवायचा. मधूनच ढकलाढकली सुरू व्हायची. मैदानाच्या मध्यावर गोल करायचा आणि खांद्यावर खांदा आपटून एकमेकांना पाडायचं. याला ते मुक्ती म्हणत. बाजाराच्या दिवशी जुन्नरच्या स्टँडवर नारायणगावची गाडी लागली की ही मुक्ती आम्हाला फुकट मिळायची, आणि नशीब असेल तर वर बसायला जागाही मिळायची.

मी एवढं तोंड सोडून बोलतोय म्हणजे कुठेतरी लांब कुंपणाला टेकून बघत असेन, असं वाटेल. तसं नाही. मी त्या गोलाच्या बरोबर मध्ये होतो. माझ्याही अंगात काळा टी-शर्ट होता, आणि साखळी मी सायकलच्या दुकानातून आणली होती.

माझं गाव खोडदजवळचं. तिथे माळावर दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना उभ्या आहेत. वडील तिथे पहारेकरी होते. एक साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांच्या मुलानं टाकून दिलेल्या कॅसेटचा खोका वडिलांनी घरी आणला. त्यांना वाटलं, मी त्यावर इंग्रजी शिकेन. मी तो खोका दहावीपर्यंत झिजवला. एक शब्द कळत नव्हता, पण कुणीतरी कुणावर तरी भयंकर चिडलेलं आहे एवढं कळायचं, आणि मला तेवढं पुरायचं. कॅसेट लावली की आई विचारायची, "मशीन बिगाडलंय का रं?" ती लोकांच्या मळ्यात रोजानं टोमॅटो तोडायला जायची आणि संध्याकाळी तिला कान दुखतील असं काही नको असायचं.

पुण्यात हॉस्टेलला आलो आणि या आवाजामुळेच मला चौघांची टोळी मिळाली. पहिल्याच आठवड्यात एकानं विचारलं, "जुन्नर? म्हणजे द्राक्षं का रे तुमची?" माझं आडनाव पाटलांच्या घरातही असतं आणि आमच्या बौद्धवस्तीतही असतं. मी नुसता हसलो. त्यानंतर मी त्यांच्या लेखी बागायतदाराचा मुलगा झालो. पुढे हसूनच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी विहिरीही खोदल्या, ट्रॅक्टरही घेतला. टोळीत मानाची जागा मिळाली. जगातल्या सगळ्या खोटेपणाविरुद्ध ओरडणाऱ्या गाण्यांवर आम्ही पाच जण रोज डोकं आपटायचो, आणि त्यातला एक मी. कुणाला खरं कळलं तर काय होईल हा विचार मी रात्रंदिवस करायचो. कदाचित काहीच झालं नसतं. पण तेव्हा मला ती टोळी गेली तर आपण पुण्यात कुणीच नाही असं वाटायचं, आणि ते वाटणं खरं होतं.

आता मामा. आईचा धाकटा भाऊ, मंचरच्या पलीकडे राहायचा. दिवसा गवंडीकाम आणि जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी. एप्रिल-मे दोन महिने हार्मोनियम, ढोलकी, बेंजो आणि कोरसवाले टेम्पोत भरून तो आंबेगाव-जुन्नरची गावं पालथी घालायचा. आज घोडेगाव, उद्या ओतूर. भीमगीतं गायची, मध्ये चार शब्द सुनावायचे. आवाज फाटका, पण बोलणं असं की पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. एका गावात त्याच्या पार्टीवर दगड आले होते आणि ढोलकी फुटली होती. मामानं हातानं ताल धरून कार्यक्रम पुरा केला. हे मला माहीत होतं, आणि तरी त्या वयात मी त्याला मनातल्या मनात गावठी म्हणायचो. केसांना तेल, अंगात चकचकीत जाकीट आणि गळ्यात रुमाल, म्हणून. साखळी लावून फिरणाऱ्या माणसाला रुमालाची लाज वाटावी, यातच काय ते आलं.

त्या कार्यक्रमांची एक रीत असते. गाणं मनाला लागलं की ऐकणारा उठतो, स्टेजपाशी जातो, कडवं संपेपर्यंत खाली थांबतो आणि दहाची नोट पुढे करतो. गाणारा ती कपाळाला लावतो आणि माईकवरून सांगतो, अमक्या गावच्या अमक्यांकडून पार्टीला दहा रुपये, सप्रेम जय भीम. पुष्कळदा माणूस स्वतःचं नाव न सांगता मुलाचं सांगतो, नातवाचं सांगतो. सगळ्या गावात लेकराचं नाव माईकवरून घुमावं, एवढीच हौस. नोट न घेणं हा अपमान, आणि गाणं आवडून न देणं हा त्याहून मोठा.

महोत्सवाच्या दिवशी मामा ढोलकीचं पान, म्हणजे कातडं, बदलायला पुण्यात आला होता. आईनं माझ्यासाठी डबा दिला होता. हॉस्टेलच्या वॉचमननं त्याला मैदानाचा पत्ता सांगितला. पास नव्हता, पण गेटवरच्यांनी त्याला मांडवाचं काम करणारा समजून आत सोडलं. गळ्यात रुमाल आणि हातात पिशवी असली की पुण्यात कुठल्याही गेटातून आत जाता येतं, फक्त आत गेल्यावर काहीतरी उचलावं लागतं.

मला तो दिसला तेव्हा तो स्पीकरच्या पुढ्यात उभा होता. तिथे कुणीच उभं राहू शकत नव्हतं. मामा एका कानावर हात ठेवून, मान किंचित वाकडी करून ऐकत होता. आम्ही सगळे उड्या मारत होतो, त्या मैदानावर ऐकणारा तो एकटाच होता. ड्रमवाल्याच्या हातांकडे त्याची नजर लागलेली. मग त्यानं जाकिटाच्या खिशात हात घातला, आणि माझी पाचावर धारण बसली. पुढे काय होणार हे त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं.

तो स्टेजपाशी जाऊन थांबला. कडवं संपायची वाट बघत. त्या गाण्याला कडवीच नव्हती, नुसता आवाज होता, पण तो रीत सोडेना. बाउन्सर धावला. तेवढ्यात गाणं संपलं, आणि केस लाल केलेल्या गायकानं बाउन्सरला हातानं थांबवलं. त्याला गंमत हवी होती. तो गुडघ्यावर बसला, नोट घेतली आणि माईक मामाच्या तोंडाशी धरला.

मामानं घसा साफ केला. त्याचा मैदानी आवाज. "माझ्या भाच्याकडून ह्या पार्टीला धा रुपये. सप्रेम जय भीम."

मग अख्खं मैदान हसलं. मागून दोघा-तिघांनी तोंडं वेडीवाकडी करून जय भीमची नक्कल केली. लाल केसवाल्यानं नोट गिटारच्या तारांत खोचली आणि कमरेतून वाकून नाटकी मुजरा केला. शिट्ट्यांचा पाऊस पडला. आणि मामानं, त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीपुढे, गहिवरून हात जोडले. त्याला वाटलं आपला मान झाला.

सरकारला, पोलिसाला, पैसेवाल्याला शिव्या घालणारी ती शूर जमात. जय भीम हे शब्द उच्चारल्याबद्दल ज्याच्यावर खरोखर दगड आले असा एक माणूस त्यांच्यात आला, तर त्यांना तो विनोद वाटला. हा त्यांच्याबद्दलचा माझा राग आहे आणि तो जन्मात जायचा नाही. पण ते निदान अनोळखी होते.

मामानं मला गर्दीत शोधलं. तो हसत, घाम पुसत सरळ माझ्याकडे यायला लागला. टोळीतल्या एकानं मला कोपरानं ढोसलं. "हा तुझ्याकडे येतोय. तुझा मामा का रे?" बाकीचे हसायला तयारच होते.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणालो, "नाही रे. आमच्या मळ्यात कामाला असतो."

दोन बँडच्या मधली वेळ होती. स्पीकर बंद होते. मामा चार हातांवर होता आणि मी मोठ्यानं बोललो होतो, कारण दिवसभराच्या आवाजानं माझे कान बधिर झाले होते.

तो थांबला. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातून मामा निघून गेला. त्यानं एकदा माझ्या चौघा मित्रांकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. जन्मभर गावोगाव फिरून माणसं वाचलेला माणूस, त्याला कितीसा वेळ लागणार. त्यानं गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला, खांदे थोडे पाडले आणि दोन पावलं लांबूनच पिशवी पुढे केली.

"मालकीणबाईंनी डबा दिलाय, मालक," तो म्हणाला. "पोचता करायला सांगितलं व्हतं."

मालकीणबाई म्हणजे त्याची सख्खी बहीण. त्या वेळी ती कुणाच्या तरी टोमॅटोच्या सरीत वाकलेली असणार.

मी पिशवी घेतली. मामा म्हणाला, "निगतो मी. पाचची गाडी गाठायचीय," आणि त्यानं मला हात जोडले. लाल केसवाल्याला जोडले होते तसे नाही. मला जोडताना मान खाली होती, मळ्यातल्या गड्याची असते तशी, आणि ते इतकं हुबेहूब होतं की मित्रांना शंका घ्यायला जागाच उरली नाही. ज्या माणसानं सगळ्या गाण्यांतून हात जोडणं सोडा असं लोकांना सांगितलं, त्यानं माझं खोटं टिकावं म्हणून ते करून दाखवलं. मग तो गर्दीतून वाट काढत गेटाकडे गेला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही, आणि मी त्याच्यामागे गेलो नाही.

पुढचा बँड लागायला वेळ होता. मित्रांना भूक लागली होती. आम्ही कडेला सावलीत बसून डबा उघडला. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पोरं तुटून पडली. एक जण बोटं चाटत म्हणाला, "तुमच्याकडची माणसं खरंच इमानदार यार. एवढ्या लांब डबा घेऊन आला."

तो नुसतं बोलत होता. त्यानं मला काही विचारलं नव्हतं. गप्प बसून भाकरी चावत राहिलो असतो तरी चाललं असतं. मी चटणी घेतली आणि म्हणालो, "हो, वडिलांच्या वेळचा आहे. जुना माणूस."

मघाशी मी निदान घाबरून बोललो होतो.