खालची पट्टी

माझा थोरला भाऊ नाकासमोर चालणारा माणूस. सदतीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खिडकीखालच्या तिरक्या टेबलावर बसून त्याने जनगणनेच्या आकड्यांचे मनोरे काढले. मधोमध उभी रेघ, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. तळाला पाच वर्षांच्या आतली मुलं, त्यावर पाच ते नऊची, असं करत करत शेंड्याला ऐंशीच्या पुढची म्हातारी. प्रत्येक वयोगटाची एक आडवी पट्टी. माणसं जितकी जास्त, तितकी ती लांब.

त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून आम्ही दोघं एका घरात. मी शिवणयंत्रावर, तो समोर कागद पसरून. कोणत्याही देशाचा मनोरा पुढे ठेवला की दादा ज्योतिष्याच्या वर बोलायचा. तळ रुंद आणि शेंडा टोकदार, म्हणजे पोरं ढीगभर जन्मतात पण म्हातारं व्हायला थोडीच उरतात. पोट सुटलेलं आणि पाय काटकुळे, म्हणजे शाळांना कुलपं लागणार आणि म्हाताऱ्यांना पाणी द्यायला कोणी नसणार. पुरुषांच्या बाजूला विशी-तिशीत लचका तोडलेला दिसला की म्हणायचा, एकतर लढाई झालीय, नाहीतर सगळे पोटापाण्यासाठी देश सोडून गेलेत. ज्योतिषी पुढचं सांगतो आणि चुकतो, मी मागचं सांगतो, चुकायचा प्रश्नच नाही, असा त्याचा तोरा.

कचेरीत त्याला ‘इस्त्रीवाले’ म्हणत. लोक वय सांगताना चाळीस, पन्नास, साठ असं ठोकून देतात, त्यामुळे काही पट्ट्या उगाच बाहेर येतात. दादा त्यातली माणसं शेजारच्या वयांत वाटून मनोरा सारखा करायचा. तान्ह्या मुलांची गोष्ट उलटी. मोजणीदार दारात उभा राहून घरात माणसं किती विचारतो, आणि पाळण्यातलं पोर सांगायचं राहून जातं. म्हणून नियम असा, की खालची पट्टी आखूड आली तर वरच्या पट्ट्यांच्या अंदाजाने भरून काढायची. हा नियम कचेरीच्या पुस्तिकेत दादानेच लिहिला होता. मी चिडवायचे, ‘‘मी कपडे रफू करते, तू माणसं करतोस.’’ त्याला ते फार आवडायचं.

एका मोजणीत पाण्याच्या नळाच्या पार शेवटच्या टोकाला असलेल्या एका वस्तीचे आकडे आले. खालच्या पट्टीत तीनशे चाळीस मुलं हवी होती, होती दोनशे अठ्ठावीस. मोजणीदार आळशी दिसतोय, असं म्हणून दादाने नियमाप्रमाणे पट्टी भरून काढली. जनगणनेचं पुस्तक छापून आलं.

पुढच्या वर्षी एका दुपारी त्या वस्तीची नर्सबाई आमचं घर शोधत आली. पन्नाशीची, झिजलेल्या चपलांची. पाणीसुद्धा घेतलं नाही तिने. पिशवीतून एक पत्र काढून दादापुढे ठेवलं. वस्तीला येणारं पाणी खराब आहे, जुलाबाने मुलं जातात, टाकी आणि गाळणी बसवा, असा तिने अर्ज केला होता. तो फेटाळला गेला होता. कारण एकच, ‘बालसंख्येत घट आढळत नाही’, आणि सोबत दादाचा मनोरा जोडलेला. मग तिने फडक्यात गुंडाळलेली जन्म-मृत्यूची वही उघडली.

‘‘ही मुलं मी स्वतः पुसून, गुंडाळून आईबापांच्या हातात दिलीत,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या कागदावर ती जिवंत आहेत. कुठे आहेत, तेवढं मला दाखवा.’’

दादाने वही मांडीवर घेऊन बोट फिरवत एकेक नाव मोजलं. मोजणीआधीच्या पाच वर्षांत जन्मलेली आणि मोजणीपर्यंत न पोचलेली एकशे नऊ निघाली. म्हणजे कमी पडलेल्या एकशे बारांपैकी मोजणीदाराच्या हातून फार तर तीन सुटली होती. बाकीची वस्तीत नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. साहेब वाईट नव्हते. पण छापलं ते छापलं, दुरुस्ती पुढच्या पुस्तकात, म्हणजे दहा वर्षांनी. दादाने पाणी खात्याला आपली चूक कबूल करणारी अकरा पत्रं लिहिली. पालथ्या घड्यावर पाणी. उत्तर एकदाच आलं, आम्ही छापील पुस्तकच धरतो म्हणून. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा आणि दादाचाही यायचा. तू फक्त नियम पाळलास, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘नियम कोणाचा?’’

मग तो निवृत्त झाला. नर्सबाईंची बदली झाली आणि वस्तीची खबर बंद झाली. स्वतः जाऊन बघ म्हटलं, तर त्या दारांवरून चालत जायची हिंमत नाही म्हणायचा. तो पुढच्या पुस्तकाची वाट बघत बसला. आखूड पट्टीमुळे मनोऱ्यात पडलेली खाच कधी भरत नाही, त्याने मला समजावलं, ती मुलांबरोबर वर चढते. दहा वर्षांनी ती दोन पट्ट्या वर गेलेली असेल. तिच्याखालच्या दोन पट्ट्या भरलेल्या निघाल्या, तर पाणी सुधारलं असं समजायचं. या एका आशेवर त्याने दहा वर्षं काढली.

पुस्तक आलं तेव्हा तो पार थकला होता. छापील मनोऱ्याचं पान त्याने उघडलंच नाही. मागच्या तक्त्यातले कच्चे आकडे घेऊन स्वतः रेघा मारल्या. खालून तिसरी पट्टी आखूड, ती असणारच होती. मग त्याने खालच्या दोन काढल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

‘‘तू मोज,’’ म्हणाला. ‘‘माझ्या हाताचा भरवसा नाही.’’

मी माझी शिवणाची टेप घेतली. उभ्या आयुष्यात मी माप चुकवलं नाही, त्या दिवशी चुकवावंसं वाटलं. दोन्ही पट्ट्या वरच्या, खाच असलेल्या पट्टीपेक्षाही आखूड होत्या. खालची सर्वांत आखूड. मी आहे ते सांगितलं.

‘‘पहिली खाच मी दिसू दिली असती, तर या दोन पडल्या नसत्या,’’ दादा म्हणाला.

काही तरी करायचं म्हणून मी छापील पान उघडलं. आता मनोरे संगणक काढतो. त्यात खालची पट्टी पूर्ण होती. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप होती, पट्टी पुस्तिकेतल्या नियमाप्रमाणे भरून काढली आहे. वाक्य दादाचंच होतं, शब्दशः. मी पान मिटायच्या आत त्याने ते वाचलं.