रिकाम्या वॉर्डातलं माप

अँटेनाकाकांना माणसं ओळखू येत नाहीत, सिग्नल मात्र चेहऱ्याने ओळखतात, असं त्यांची बायको म्हणायची. तीस वर्षं हा माणूस खांद्याला मोजणीयंत्र अडकवून लोकांच्या गच्च्या चढत होता. कुठे मोबाइलची रेंज जाते, कुठे वायफाय अडखळतं, तर त्यात ढवळाढवळ करणारी लहर कुठून येते ते शोधायचं. कुणाचा स्वस्तातला चार्जर सापडे, कुणाचा बिघडलेला बूस्टर. काकांनी लिहून दिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं, हीच काय ती खोट.

मोजणीची त्यांची शिस्त कडक. माणसं बाहेर, मोबाइल बंद, दार लावलेलं. गर्दीत मोजणं म्हणजे गढूळ पाण्यात तोंड बघणं, असं ते नवख्यांना सुनवत.

इस्पितळातही त्यांनी तेच केलं. तिथे भेटीच्या वेळेत एक म्हातारे गृहस्थ हृदय थांबून गेले होते. छातीवरच्या यंत्राचा सिग्नल वायरलेसने सिस्टरच्या टेबलापर्यंत यायचा. अलार्म वाजलाच नाही, पडद्यावर आधीचीच रेघ गोठून राहिली होती, असं सिस्टर सांगत होती. काकांनी पेशंट शेजारच्या खोलीत हलवायला लावले, दोन तास मोजलं आणि लिहून दिलं: कुठलाही व्यत्यय नाही. म्हणजे अलार्म वाजला आणि बाई झोपली होती, असं ठरवून चौकशी समितीने खापर तिच्यावर फोडलं. आठवड्याभरात तिची नोकरी जाणार होती.

ती काकांच्या ऑफिसात आली, ती भांडायला नव्हे. उभ्यानेच तिने विचारलं, “मोजलंत तेव्हा वॉर्डात कोण होतं?”

“कुणीच नाही. मीच सगळ्यांना बाहेर काढलं होतं.”

“बावीस वर्षांत मला रिकामा वॉर्ड कधी मिळाला नाही हो,” ती म्हणाली आणि निघून गेली.

काकांना दुपारचा डबा गेला नाही. दुसऱ्या दिवशी ते भेटीच्या वेळेतच यंत्र घेऊन वॉर्डात बसले. नातेवाईक येऊ लागले तशी मोजणीयंत्राच्या पडद्यावर एक उंच रेघ उठली आणि गर्दी हटेपर्यंत खाली बसली नाही. अँटेना फिरवत ते औषधांच्या कपाटापाशी पोचले. चोऱ्या होऊ नयेत म्हणून वर एक छोटा वायरलेस कॅमेरा लावला होता. समोर कुणी हललं की तो जागा होई आणि सिस्टरच्याच सिग्नलवर चढून बसे. कुणी हललं नाही की गप्प. काकांनी शिस्तीने सगळी हालचाल थांबवली होती, आणि तेवढ्यानेच तो सुटला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ऑफिसातल्या साहेबांनी समजावलं, ‘नवी बाब आढळली’ एवढंच लिहा, आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता. काकांनी पहिलंच वाक्य लिहिलं: माझा आधीचा अहवाल चुकीचा होता.

तो अहवाल समितीकडे देऊन, एक प्रत घेऊन ते स्वतः सिस्टरच्या घरी गेले. तिने दारातच दोनदा वाचला. नोकरीचं काही विचारलं नाही.

“तुमचा पहिला कागद वाचल्यापासून मलाच वाटायला लागलं होतं, की लागला असेल माझा डोळा,” ती म्हणाली. “परवा त्या गेलेल्या आजोबांच्या मुलीकडे जाऊन तसं कबूल करून आले. माफी मागितली. तिने दार लावून घेतलं.”

काकांनी त्या मुलीचा पत्ता विचारला.

“आज मी जातो तिथे,” ते म्हणाले.